मातीची परीक्षा

पाठपरिचय

इमारतीचा भार शेवटी मातीवर येतो. ती माती किती भार सोसू शकेल हे तपासण्याची एक साधी व जुनी पद्धत या पाठात समजावून सांगितली आहे. पद्धत सोपी असली, तरी तिच्यातून मिळणारा आकडा समजून घेण्यासाठी जाणकारी लागते. ही जाणकारी म्हणजे काय, हे बेंगळुरूमधील जे. पी. नगर या वसाहतीचे उदाहरण घेऊन आपण पाहू.

घर कशावर उभे असते?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्याकडे आहे. घर बांधताना माणूस सिमेंटची पोती मोजून घेतो, विटा एकमेकींवर आपटून त्यांचा आवाज ऐकतो, लोखंडी सळ्यांचे वजन करतो. मात्र ज्या मातीवर हे सारे उभे राहणार, तिची पारख करण्याचे बहुधा राहून जाते. माती विकत आणावी लागत नाही. ती जागेबरोबरच मिळालेली असते. त्यामुळे ती जशी असेल तशी चालेल, असा आपला समज होतो.

अनुभवी गवंडी असे करीत नाहीत. ते पाया खणताना पहार जमिनीत मारून पाहतात, मातीचा गोळा हातात दाबून पाहतात आणि ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ असा सल्ला देतात. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. आपण ज्या चाचणीची ओळख करून घेणार आहोत, ती या अनुभवाच्या विरोधात नाही. गवंडी बोटांनी जे अजमावतो, तेच यंत्राने मोजून आकड्यात मांडणे, एवढाच तिचा हेतू आहे. आकडा मिळाला की त्यावरून पाया किती रुंद आणि किती खोल घ्यावा याचे गणित मांडता येते.

एकाच वसाहतीतील तीन भूमी

जे. पी. नगर ही बेंगळुरूच्या दक्षिण भागातील मोठी वसाहत. जयप्रकाश नारायण यांचे नाव तिला दिलेले आहे. ती निरनिराळ्या टप्प्यांत वसली असून तेथील रहिवासी या टप्प्यांना ‘फेज’ म्हणतात. वरून पाहता सगळीकडे सारखेच रस्ते आणि सारखीच घरे दिसतात. जमिनीच्या पोटात मात्र सारखेपणा नाही.

बेंगळुरू शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या तळाशी नाइस नावाचा अतिप्राचीन पट्टेदार खडक आहे. जे. पी. नगरच्या उत्तरेस काही किलोमीटरवर लालबाग उद्यानात हा खडक उघडा पडलेला दिसतो. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते आणि त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला आहे. जे. पी. नगरला लागून असलेली रागीगुड्डा ही टेकडीही खडकाळच आहे. ही झाली पहिली भूमी.

हाच खडक ऊन, पाऊस आणि हवा यांमुळे हजारो वर्षे झिजत गेला. त्याचा आधी भुगा झाला, मग मुरूम झाला आणि सर्वांत वर लाल माती तयार झाली. या मातीत वाळू, बारीक गाळमाती आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. तिच्यातील लोहाच्या संयुगांमुळे तिला तांबडा रंग येतो. ही दुसरी भूमी.

तिसरी भूमी तळ्यांची आहे. बेंगळुरूला मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उतारावर बांध घालून तळी निर्माण केली. सारक्की आणि पुट्टेनहळ्ळी ही जे. पी. नगर परिसरातील अशीच तळी होत. पावसाचे पाणी उतारावरून येताना बारीक माती वाहून आणते आणि ती तळ्याच्या तळाशी साचते. हा गाळ मऊ, ओला आणि दाबला जाणारा असतो. शहर वाढले तसे अनेक तळी बुजली. बेंगळुरूचे कंठीरव क्रीडांगण संपंगी तळ्याच्या जागी, तर मध्यवर्ती केंपेगौडा बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागी उभे आहे. बुजवलेल्या तळ्यावर राडारोडा आणि भरावाची माती पडते, रस्ता होतो आणि काही वर्षांनी तेथे तळे होते हेही लोक विसरतात. माणूस विसरला तरी गाळ जागच्या जागी राहतो.

तेव्हा शेजारच्या गल्लीत चार मजली इमारत व्यवस्थित उभी आहे, एवढ्यावरून आपल्या जागेची माती तशीच असेल असे मानता येत नाही. मातीची परीक्षा ज्या त्या जागेवरच करावी लागते.

माती कशी मोडते?

भाकरीच्या पिठाचा गोळा दोन तळहातांमध्ये धरून दाबा. तो मध्ये फुगतो आणि पसरतो. आता शेतातले वाळलेले ढेकूळ तसेच दाबा. ते बराच वेळ दाद देत नाही आणि मग एकाएकी तिरके तडकते. मातीचे नमुनेही दाबाखाली या दोन प्रकारांनी मोडतात. ओली मऊ माती पिंपासारखी फुगते, तर कोरडी कडक माती तिरप्या भेगेवर तुटते.

ही तिरपी भेग लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपण दाब वरून सरळ देतो, पण माती चिरडून मोडत नाही. तिचा एक भाग दुसऱ्या भागावरून घसरतो. इमारतीखालची जमीन खचते तेव्हाही हेच होते. पायाखालची माती बाजूला आणि वर सरकते. म्हणून दाबाची परीक्षा ही खरे तर माती घसरण्याला किती विरोध करते याची परीक्षा आहे. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत, तिच्यातील पाणी बाहेर पडण्याइतका वेळ न देता दाब दिला, तर घसरणीला होणारा विरोध दाबसामर्थ्याच्या निम्मा धरतात.

आजूबाजूने कोणताही आधार नसलेला मातीचा नमुना ज्या दाबाखाली मोडतो, त्या दाबाला त्या मातीचे मोकळे दाबसामर्थ्य म्हणतात. भारतीय मानक २७२० च्या दहाव्या भागात या चाचणीची पद्धत ठरवून दिलेली आहे.

नमुना घेणे

प्रथम जागेवर विंधन घेऊन किंवा खड्डा खणून, पाया जेथे टेकणार आहे त्या खोलीपर्यंत आणि त्याच्याही खाली जातात. पातळ धातूची नळी मातीत हळूहळू दाबून नमुना काढतात. मातीची मूळची ठेवण मोडू नये यासाठी ही काळजी घ्यावी लागते. नळीची दोन्ही टोके मेणाने बंद करतात, म्हणजे ओलावा उडून जात नाही. नमुना कोठून आणि किती खोलीवरून घेतला, याची चिठ्ठी नळीवर लावतात. चिठ्ठी चुकली तर पुढची सारी मेहनत वाया जाते.

वाटेत नळी आदळली, उन्हात राहिली किंवा मेण नीट बसले नाही, तर प्रयोगशाळेत पोहोचते ती मूळची माती नव्हेच. यंत्र कितीही अचूक असो, त्याच्यासमोर ठेवलेला नमुना खरा नसेल, तर येणारा आकडाही खरा नसतो.

चाचणी आणि तिचे गणित

प्रयोगशाळेत नळीतून नमुना बाहेर काढून त्याचा दंडगोल तयार करतात. त्याचा व्यास बहुधा ३८ मिलिमीटर आणि उंची व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ७६ मिलिमीटर असते. दोन्ही टोके सपाट केली जातात. हा दंडगोल यंत्राच्या दोन तबकड्यांमध्ये उभा ठेवतात आणि वरून सावकाश दाब देतात. दर मिनिटाला नमुन्याची उंची मूळ उंचीच्या अर्ध्या ते दोन टक्क्यांनी कमी होईल, अशी गती ठेवतात. एक तबकडीमापक उंची किती कमी झाली हे दाखवतो, तर भारमापक कडे किती भार पडला हे दाखवते. नमुन्यावर भेग पडून भार उतरू लागेपर्यंत नोंदी घेत राहतात. नमुना न तडकता फुगतच राहिला, तर उंची २० टक्के कमी झाल्यावर चाचणी थांबवतात.

आकलनासाठी एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजण्यापुरते आहेत.

नमुन्याचा व्यास ३८ मिलिमीटर. म्हणून त्याचे मूळ क्षेत्रफळ सुमारे ११३४ चौरस मिलिमीटर. समजा, १५० न्यूटन भाराखाली नमुना मोडला आणि तोवर त्याची उंची ८ टक्क्यांनी कमी झाली होती. उंची कमी होताना नमुना फुगला, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ वाढले. म्हणून ११३४ ला ०.९२ ने भागायचे. उत्तर येते सुमारे १२३३ चौरस मिलिमीटर. आता १५० ला १२३३ ने भागले की सुमारे ०.१२२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजेच १२२ किलोपास्कल हे दाबसामर्थ्य मिळते. व्यवहारात १०० किलोपास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर जवळजवळ १० टनांचा भार, असे लक्षात ठेवणे सोयीचे पडते.

चिकणमातीचे वर्गीकरण या आकड्यावरून करतात. २५ किलोपास्कलपेक्षा कमी असेल तर माती अतिशय मऊ, २५ ते ५० असेल तर मऊ, ५० ते १०० असेल तर मध्यम, १०० ते २०० असेल तर घट्ट, २०० ते ४०० असेल तर फार घट्ट आणि त्याहून अधिक असेल तर कठीण. आपल्या उदाहरणातील माती ‘घट्ट’ या वर्गात बसते. अतिशय मऊ मातीत मूठ सहज रुतते. कठीण मातीवर नखाने ओरखडा काढणेही अवघड जाते.

यानंतर तीच माती, तिच्यातील पाणी उडू न देता, हाताने मळून पुन्हा तसाच दंडगोल करून तपासता येते. मळल्यावर अनेक मातींचे सामर्थ्य घटते. मूळचे सामर्थ्य मळलेल्या मातीच्या किती पट आहे, यावरून ती माती ढवळली गेल्यास किती दगा देईल हे कळते. पायाच्या तळाची माती पावसात तुडवून चिखल करू नये, असे जुने कारागीर बजावतात. त्यामागचे कारण हेच.

पाणी हा खरा परीक्षक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असे समजा, की जे. पी. नगरमधील एका कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधायला घेतले आणि मार्च महिन्यात मातीची चाचणी करून घेतली. लाल माती त्या वेळी कोरडी असते. आकडा उत्तम येतो. त्यावर विसंबून पाया अरुंद ठेवायचा का?

मातीचे कण ओलाव्याच्या पातळ थरांनी एकमेकांकडे ओढले जातात. समुद्रकाठी मुले ओलसर वाळूचा किल्ला करतात, तो याच ओढीमुळे उभा राहतो. भरतीचे पाणी आले की तीच वाळू ढासळते, कारण कणांमधली सारी जागा पाण्याने भरली की ही ओढ नाहीशी होते. अर्धवट कोरड्या लाल मातीचे बरेचसे सामर्थ्य असे उसने असते. बेंगळुरूत बहुतेक पाऊस मे ते ऑक्टोबर या महिन्यांत पडतो. त्या वेळी, किंवा एखादी पाण्याची नळी जमिनीखाली गळू लागली तर कोणत्याही महिन्यात, हे उसने सामर्थ्य परत जाते. मग घराचा एक कोपरा खचतो आणि भिंतीवर तिरपी भेग उमटते.

म्हणून दाबसामर्थ्याचा आकडा हा मातीचा कायमचा गुण नव्हे. तो त्या दिवशीच्या, तेवढ्या ओलाव्याच्या मातीचा गुण आहे. जाणकार अभियंता आकड्याबरोबर त्या वेळी मातीत किती टक्के पाणी होते हे विचारतो. माती सर्वांत वाईट अवस्थेत किती भार सोसेल याचा अंदाज घेतो, आणि गरज वाटल्यास नमुना पाण्याने पूर्ण भिजवून दुसऱ्या यंत्रात, सर्व बाजूंनी दाब देऊन तपासतो.

महाराष्ट्रातून बेंगळुरूत गेलेल्या कारागिराला पाण्याचा हा खेळ वेगळ्या रूपात ठाऊक असतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाया उचलून धरते. तेथे वाळलेल्या ढेकळाचे दाबसामर्थ्य भरपूर येते, पण घराला धोका असतो तो फुगण्या-आक्रसण्याचा. अशा मातीसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर गोळा असलेले खांब विकसित केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. माती बदलली की तिला विचारायचा प्रश्नही बदलतो.

एका कोठाराची गोष्ट

वरची माती तपासून खालच्या मातीवर विश्वास ठेवला तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण कॅनडातील आहे. विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथे धान्याचे काँक्रीटचे प्रचंड कोठार बांधण्यात आले. १९१३ च्या सप्टेंबरात त्यात धान्य भरण्यास सुरुवात झाली. १८ ऑक्टोबर १९१३ रोजी ते खचू लागले आणि एका दिवसाच्या आत सुमारे २७ अंशांनी कलंडले. काँक्रीट मजबूत होते. ते जवळजवळ अभंग राहिले. दोष बांधकामाचा नव्हता. वरच्या घट्ट चिकणमातीखाली अधिक मऊ चिकणमातीचा थर होता आणि तो कोणी तपासला नव्हता.

मृद्यांत्रिकी हे शास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. कार्ल टर्झागी यांचा या शास्त्राचा पाया घालणारा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी अभियंत्यांनी ट्रान्सकोनाच्या मातीचे नमुने काढून त्यांची दाबचाचणी केली. त्यावरून जमीन किती भार सोसू शकली असती याचे गणित मांडले. ते उत्तर, कोठार ज्या भाराखाली कलंडले त्याच्याशी जवळजवळ जुळले. मातीने जे १९१३ साली सांगितले, तेच तिने आधी विचारले असते तर आधीही सांगितले असते.

चाचणीच्या मर्यादा

कोणत्याही परीक्षेला मर्यादा असते. कोरड्या वाळूचा दंडगोल उभाच राहत नाही. म्हणून ही चाचणी चिकट मातीसाठीच आहे. वाळू अधिक असेल तेथे अभियंते जागेवरच दुसरी चाचणी करतात. ६३.५ किलोग्रॅमचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागतात ते मोजतात. राडारोड्याच्या भरावातून काढलेला एखादा नमुना तर काहीच सांगत नाही, कारण हातभर अंतरावर निराळा पदार्थ असतो. शिवाय माती न मोडताही सावकाश दबत राहू शकते. म्हणून पाया ठरवताना अभियंता सामर्थ्याला सुमारे तीनने भागून सुरक्षित भार काढतो आणि जमीन किती दबेल याचा वेगळा हिशेब करतो.

चरात उतरणारा माणूस

मातीच्या सामर्थ्याचा प्रश्न घरमालकापुरता नाही. नाल्यासाठी किंवा पायासाठी खोल चर खणला जातो, तेव्हा त्यात मजूर उतरतो. कोरड्या दिवसांत लाल मातीची कड भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि ती तशीच राहील असा भरवसा वाटतो. रात्री पाऊस पडतो, कडेजवळच्या भेगांत पाणी शिरते आणि सकाळी तीच कड कोसळू शकते. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक असते. तिच्याखाली सापडलेल्या माणसाला सुटायला वेळ मिळत नाही. म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. खणलेल्या मातीचा ढीग कडेला रचू नये आणि पावसानंतर कड तपासल्याशिवाय कोणी आत उतरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तुम्ही स्वतः बांधकामावर काम करीत असाल, तर आधार मागणे हा भित्रेपणा नसून तुमचा हक्क आहे.

समारोप

चाचणीचा खर्च घराच्या एकूण खर्चापुढे अल्प असतो. तरीही तो वाचवण्याचा मोह होतो, कारण माती दिसत नाही आणि पाया एकदा बुजला की कोणी पाहत नाही. परंतु पाया बुजल्यानंतर त्याखालची माती तपासणे आणि सुधारणे फार कठीण व महाग असते. म्हणून जागा घेताना तेथे पूर्वी काय होते हे जुन्या रहिवाशांना विचारावे, जुन्या नकाशात तळे किंवा ओढा दिसतो का ते पाहावे, आणि मातीची चाचणी करून अहवालात नमुन्याची खोली, पाण्याचे प्रमाण आणि महिना नोंदवला आहे की नाही हे तपासावे. माती आपला स्वभाव लपवत नाही. तिला योग्य ठिकाणी, योग्य खोलीवर आणि पाण्याचे भान ठेवून विचारावे लागते, इतकेच.

स्वाध्याय

१. एकाच वसाहतीत मातीचे प्रकार वेगवेगळे का आढळतात? जे. पी. नगरच्या आधारे लिहा.

२. नमुन्याची नळी मेणाने बंद का करतात?

३. ३८ मिलिमीटर व्यासाचा नमुना ६० न्यूटन भाराखाली मोडला आणि त्याची उंची १० टक्क्यांनी कमी झाली होती. त्याचे दाबसामर्थ्य काढा आणि ती माती कोणत्या वर्गात बसते ते सांगा.

४. ‘अर्धवट कोरड्या लाल मातीचे बरेचसे सामर्थ्य उसने असते’ हे विधान स्पष्ट करा.

५. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका जुन्या गवंड्याला भेटा. पाया किती खोल घ्यावा हे तो कशावरून ठरवतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.